३८९ विरुद्ध १५, आणि तरीही कायदा नाही

ग्रीन कार्डाच्या रांगेत अडकलेल्या मराठी कुटुंबांत, आणि त्यांच्या पुण्या-नाशकातल्या आईवडिलांत, एक समजूत पक्की आहे: तिकडे दोन पक्षांचं पटत नाही, म्हणून कायदा होत नाही. ही समजूत अर्धीच खरी आहे. २९ नोव्हेंबर २०११ ला अमेरिकेच्या हाउसने, म्हणजे कनिष्ठ सभागृहाने, नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांवरची देशवार मर्यादा काढणारं बिल ३८९ विरुद्ध १५ मतांनी मंजूर केलं. १० जुलै २०१९ ला याच विषयावरचं बिल पुन्हा ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. २ डिसेंबर २०२० ला सिनेटनेही, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, आपला मसुदा मंजूर केला, तोही एकाही सदस्याने हरकत न घेता. मर्यादा मात्र आजही १९९० साली ठरली तीच आहे.

म्हणजे पटत नव्हतं असं नाही, चांगलं पटत होतं. काँग्रेसमध्ये, म्हणजे हाउस आणि सिनेट मिळून होणाऱ्या अमेरिकी संसदेत, तडजोड मतदानात हरते असं क्वचितच होतं. बहुतेकदा तिला मतदानाला येऊच दिलं जात नाही, किंवा येते तेव्हा ती दुसऱ्या कुठल्या तरी मोठ्या मागणीला बांधलेली असते. अडवणारा दर वेळी समोरच्या पक्षातला असतो असंही नाही. २०११ पासून या एका विषयावरची बिलं पाच-सहा वेळा मेली, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी. अमेरिकी कोंडी कशी चालते हे बघायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

आधी हिशेब. १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला १ लाख ४० हजार ठरवली. त्यातले २८.६ टक्के, म्हणजे ४०,०४०, ईबी-२ या उच्च पदवीवाल्यांच्या वर्गाला मिळतात. ईबी-१ आणि ईबी-३ लाही तेवढेच. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून जास्त जायचं नाही, मग तो देश भारत असो की आइसलँड. ४०,०४० चे ७ टक्के म्हणजे साधारण २,८००. यातच नवरा किंवा बायको आणि मुलंही मोजली जातात, त्यामुळे चौकोनी कुटुंबं धरली तर ईबी-२ मध्ये वर्षाला ७०० भारतीय अर्जदार झाले. इतर देशांनी न वापरलेली कार्डं उरली तर ती रांगेत सर्वांत पुढे असलेल्यांना जातात, पण त्याचा भरवसा नसतो. दुसऱ्या टोकाला एच-वन-बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसाची मर्यादा वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार. त्यावर देशवार बंधन नाही, आणि मंजूर अर्जांत भारतीयांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो. आत येण्याचा दरवाजा एवढा मोठा आणि कायम राहण्याचा एवढासा, म्हटल्यावर रांग लागणारच.

एक विचित्र गोष्ट जाता जाता सांगतो. गेल्या दीड दशकात ही रांग सर्वांत जास्त सरकली ती करोनामुळे. वकिलाती बंद होत्या, कुटुंबाच्या नात्यावरची ग्रीन कार्डं वापरली गेली नाहीत, आणि जुन्या नियमानुसार ती पुढच्या वर्षी नोकरीच्या कोट्यात आली. २०२२ च्या आर्थिक वर्षात तो कोटा सुमारे २ लाख ८१ हजारांवर गेला. काँग्रेसला जे जमलं नाही ते विषाणूने केलं.

एका माणसाची हरकत आणि सिनेटचं घड्याळ

२०११ चं बिल युटाचे रिपब्लिकन जेसन चाफेट्झ यांचं. हाउसमध्ये ते 'सस्पेन्शन ऑफ द रूल्स' या मार्गाने आलं: चाळीस मिनिटं चर्चा, दुरुस्त्या नाहीत, पण मंजुरीला दोनतृतीयांश मतं लागतात. भांडण नसलेल्या बिलांसाठी हा नेहमीचा रस्ता आहे. तिथून ते सिनेटमध्ये गेलं आणि आयोवाचे रिपब्लिकन सिनेटर चक ग्रासली यांनी त्यावर 'होल्ड' ठेवला.

होल्ड म्हणजे नकाराधिकार नव्हे. सिनेटचं बहुतेक रोजचं काम 'कोणाची हरकत नाही ना?' एवढं विचारून उरकलं जातं. 'मी हरकत घेणार' असं एखाद्या सदस्याने आपल्या नेत्याला आधीच कळवून ठेवलं, की तो झाला होल्ड. मग बहुमताच्या नेत्यापुढे एकच रस्ता उरतो, तो म्हणजे क्लोचर, चर्चा थांबवण्याचा ठराव. १६ सदस्यांच्या सह्यांची नोटीस द्यायची. सोमवारी दिली तर मधला एक दिवस सोडून बुधवारी मतदान. १०० पैकी ६० मतं मिळाली तरी पुढे ३० तासांपर्यंत चर्चेची मुभा. आणि हे सगळं फक्त 'बिल चर्चेला घ्यावं का' एवढ्यासाठी. बिलावरच्या अंतिम मतदानासाठी हीच फेरी पुन्हा. चिवट हरकत असली की एका बिलाला आठवडाभर सहज जातो.

फिलिबस्टर, म्हणजे चर्चा लांबवून बिल अडवणं, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर १९५७ साली नागरी हक्क विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं उभं राहून बोलणारे स्ट्रॉम थरमंड येतात. आज तसं कोणाला उभं राहावं लागत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिनेटने दुहेरी कामकाजाची पद्धत आणली: अडलेलं बिल बाजूला ठेवायचं आणि दुसरं काम चालू ठेवायचं. हेतू चांगला होता, पण अडवण्याचा खर्च त्यामुळे शून्यावर आला. १९७५ मध्ये क्लोचरची अट दोनतृतीयांशावरून ६० वर आणली गेली, पण अडवणं फुकट झाल्यावर त्या सवलतीचा फारसा उपयोग उरला नाही. ग्रासलींना भाषणसुद्धा करावं लागलं नसतं. ग्रीन कार्डाच्या बिलासाठी सभागृहाचा आठवडा खर्च करायला कोणताही नेता तयार नसतो. त्याच आठवड्यात न्यायाधीशांच्या नेमणुका होतात, संरक्षण खात्याचं बिल येतं. जुलै २०१२ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर चक शूमर यांच्याशी एच-वन-बी कंपन्यांच्या तपासणीबद्दल समझोता करून ग्रासलींनी होल्ड उठवलाही, पण बिल मतदानाला आलंच नाही. जानेवारी २०१३ च्या सुरुवातीला त्या काँग्रेसची दोन वर्षांची मुदत संपली आणि नियमाप्रमाणे सगळी प्रलंबित बिलं रद्द झाली.

गठ्ठा बांधला की काय होतं

त्याच वर्षी, २०१३ मध्ये, सिनेटने उलटा प्रयोग केला. शूमर, डर्बिन, मेनेंडेझ, बेनेट हे चार डेमोक्रॅट आणि मॅकेन, ग्रॅहम, रुबिओ, फ्लेक हे चार रिपब्लिकन एकत्र बसले आणि स्थलांतराचा अख्खा प्रश्न एकाच बिलात घातला. कागदपत्रं नसलेल्यांना नागरिकत्वाचा लांबचा रस्ता, सीमेवर कडक बंदोबस्त, एच-वन-बीचे बदल, आणि नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशवार मर्यादा रद्द. रिपब्लिकन मतं वाढावीत म्हणून शेवटच्या आठवड्यात सीमेवरच्या जवानांची संख्या जवळजवळ दुप्पट करणारी, सुमारे २० हजार जादा जवानांची दुरुस्ती जोडली गेली. २७ जून २०१३ ला बिल ६८ विरुद्ध ३२ ने मंजूर झालं. १४ रिपब्लिकन सोबत होते. तडजोड म्हणतात ती हीच.

हाउसचे स्पीकर जॉन बेनर यांनी मात्र सिनेटच्या मतदानाआधीच सांगून टाकलं होतं की आपल्या पक्षाच्या बहुसंख्य सदस्यांचा पाठिंबा नसेल तर ते स्थलांतराचं बिल मतदानाला आणणार नाहीत. याला 'हॅस्टर्ट नियम' म्हणतात. नियम म्हणतात खरं, पण तो लिहिलेला कुठेच नाही. डेनिस हॅस्टर्ट या माजी स्पीकरांनी रूढ केलेला तो पायंडा आहे. हिशेब बघा. हाउस ४३५ चं, बहुमताला २१८ लागतात. तेव्हा डेमोक्रॅट साधारण २०० होते. ते सगळे आले असते तर अठरा-वीस रिपब्लिकन पुरले असते. पण बेनर यांना २३४ रिपब्लिकनांपैकी निम्म्याहून जास्त हवे होते. सभागृहाचं बहुमत आणि बहुमतातलं बहुमत यांच्यातल्या या फटीत बिल गेलं.

स्पीकरला वळसा घालणारा रस्ता नियमांत आहे: डिस्चार्ज पिटिशन. बिल समितीत कामकाजाचे ३० दिवस पडून राहिलं की २१८ सदस्यांच्या सह्यांनी ते थेट सभागृहात ओढता येतं. अडचण अशी की १९९३ पासून सह्या जाहीर असतात. सत्ताधारी पक्षातल्याने सही केली की त्याने आपल्या स्पीकरविरुद्ध बंड केलं असंच समजलं जातं. २०१४ मध्ये डेमोक्रॅटांनी हा प्रयत्न केला, पण सह्या पुरल्या नाहीत. बिलाला मत द्यायला तयार असणारे रिपब्लिकन होते, पिटिशनवर सही करणारे नव्हते.

मग १० जून २०१४ आला. हाउसमधले रिपब्लिकनांचे दुसऱ्या क्रमांकाचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियात आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, डेव्ह ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरले. मतं साधारण ३६ हजार विरुद्ध २९ हजार, सात लाखांहून जास्त वस्तीच्या मतदारसंघात. ब्रॅट यांच्या प्रचाराचा एक मुख्य मुद्दा होता की कँटर स्थलांतरितांबाबत मऊ आहेत. कँटर यांनी सिनेटच्या त्या बिलाला पाठिंबाही दिला नव्हता. त्या महिन्याच्या अखेरीस ओबामांनी जाहीर केलं की हाउसमध्ये यंदा मतदान होणार नाही.

हे आपल्याला चटकन समजत नाही, कारण आपली सवय वेगळी आहे. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. अमेरिकेत यातलं काहीच नाही. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून सदस्यत्व जात नाही, आणि तिकीट कापायचा अधिकार कोणा नेत्याकडे नाही. वरवर पाहता तिथला खासदार तडजोडीला आपल्यापेक्षा मोकळा असायला हवा. पण तिकीट ठरतं प्रायमरीत, आणि प्रायमरीला येतात थोडे आणि कडवे मतदार. २०२४ मध्ये ४३५ पैकी फक्त १६ मतदारसंघांनी अध्यक्षपदाला एका पक्षाचा आणि हाउसला दुसऱ्या पक्षाचा उमेदवार निवडला. बाकीच्या बहुतेक जागांवर नोव्हेंबरची निवडणूक ही औपचारिकता असते. तिथल्या सदस्याला खरी भीती असते ती स्वतःच्याच पक्षातल्या पुढच्या ब्रॅटची.

तडजोड मुळीच होत नाही असंही नाही. जिथे घड्याळ लावलेलं असतं तिथे होते. याच बेनर यांनी १ जानेवारी २०१३ ला करवाढीचा पेच सोडवताना हॅस्टर्ट नियम मोडला. बिल २५७ विरुद्ध १६७ ने झालं आणि त्यात रिपब्लिकन फक्त ८५ होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात १६ दिवस बंद पडलेलं सरकार उघडायला त्यांनी तो पुन्हा मोडला. कर्जमर्यादा संपली की देश बुडीत निघण्याची तारीख ठरलेली असते, ३० सप्टेंबरला खर्चाची मुदत संपते. ग्रीन कार्डाच्या रांगेला अशी तारीखच नाही. ती उद्याही असणार, परवाही असणार, म्हणून तिच्यासाठी कोणी नियम मोडत नाही.

आणि मोडणाऱ्याला किंमत पडते. केविन मॅकार्थी जानेवारी २०२३ मध्ये पंधराव्या फेरीत स्पीकर झाले ते एक अट मान्य करून: कोणीही एकटा सदस्य स्पीकरला हटवण्याचा ठराव आणू शकेल. ३० सप्टेंबर २०२३ ला त्यांनी डेमोक्रॅटांच्या मतांवर ४५ दिवसांचं खर्चाचं बिल ३३५ विरुद्ध ९१ ने मंजूर करून सरकार चालू ठेवलं. ३ ऑक्टोबरला त्यांच्याच पक्षातल्या आठ जणांनी सगळ्या डेमोक्रॅटांच्या साथीने त्यांना २१६ विरुद्ध २१० ने पदावरून काढलं. डेमोक्रॅटांच्या बाजूलाही हेच गणित दिसतं. २०२५ चं शटडाउन, म्हणजे सरकारी कामकाज बंद, ४३ दिवस चाललं, तोवरचं सर्वांत लांब. सिनेटमध्ये ते फुटलं तेव्हा ६० विरुद्ध ४० असं मतदान झालं आणि डेमोक्रॅटांच्या गोटातले आठ जण पलीकडे गेले. त्या आठपैकी एकालाही २०२६ मध्ये मतदारांपुढे जायचं नव्हतं. दोघे निवृत्त होणार होते, बाकीच्यांची मुदत २०२८ किंवा २०३० पर्यंत होती. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

बिनविरोध हा सर्वांत अवघड रस्ता

२०१९ च्या बिलाची गोष्ट मला जास्त बोधक वाटते, कारण तिथे खलनायक नेमका कोणी नाही. हाउसमध्ये डेमोक्रॅट झोई लॉफग्रेन आणि रिपब्लिकन केन बक, सिनेटमध्ये रिपब्लिकन माइक ली आणि डेमोक्रॅट कमला हॅरिस. हाउसमध्ये तीनशेहून जास्त सहप्रस्तावक. ली यांनी सिनेटचा आठवडा मागण्याऐवजी बिनविरोध मंजुरीचा रस्ता धरला. त्याचा अर्थ असा की १०० पैकी प्रत्येकाच्या हातात नकाराधिकार आला. रँड पॉल यांनी परिचारिकांचा मुद्दा काढला, तो मिटवला. मग डेव्हिड पर्ड्यू, मग डिक डर्बिन, मग रिक स्कॉट. एकाचं समाधान केलं की दुसरा उभा. प्रत्येक समाधानाचं एक कलम बिलात वाढलं: टप्प्याटप्प्याने अंमल, एच-वन-बीवाल्यांच्या वाट्यावर मर्यादा, चिनी कम्युनिस्ट पक्षाशी संबंध असणाऱ्यांना बंदी. दीड वर्षाने शंभरच्या शंभर जण गप्प बसले तेव्हा ते बिल हाउसने मंजूर केलेल्या बिलापासून इतकं लांब गेलं होतं की मूळ बिल आणणाऱ्या लॉफग्रेनबाईंनाच ते मान्य होईना. दोन मसुदे जुळवायला पूर्वी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती बसायची. आता ती क्वचित बसते, आणि इथे हातात महिनाच उरला होता. ३ जानेवारी २०२१ ला दोन्ही मसुदे रद्द झाले.

डर्बिन यांच्या हरकतीवर भारतीयांच्या व्हॉट्सअॅप गटांत तेव्हा फार राग निघाला. पण त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. एकूण १ लाख ४० हजार तेवढेच ठेवून देशवार मर्यादा काढली तर रांग संपत नाही, फक्त वाटून घेतली जाते. भारतीयांची वाट कमी होते आणि ज्या देशांची आज फारशी वाट नाही त्यांची वाढते. त्यांनी स्वतःचं बिल आणलं होतं, ज्यात एकूण संख्या वाढत होती. खरी तडजोड तिथेच होती: मर्यादाही काढा आणि संख्याही वाढवा. पण संख्यावाढीला मत देणं रिपब्लिकन सदस्याला प्रायमरीत परवडत नाही. आणि डेमोक्रॅट नेतृत्वाला वर्षानुवर्षं वाटत आलं की कुशल कामगारांचं सोपं कलम वेगळं सोडलं तर लहानपणी आणल्या गेलेल्या मुलांसाठी, ड्रीमर्ससाठी, सौदा करायला हातात काही उरणार नाही. त्या मुलांचं बिल पहिल्यांदा २००१ मध्ये आलं. डिसेंबर २०१० मध्ये ते हाउसमध्ये मंजूर झालं आणि सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ वर अडलं, कारण ६० हवे होते. म्हणजे भारतीय अभियंत्याचं बिल ड्रीमर्ससाठी ओलीस, आणि ड्रीमर्सचं बिल सीमेसाठी.

२०२१ मध्ये डेमोक्रॅटांनी ६० ची अट टाळायला रिकन्सिलिएशन वापरून पाहिलं. खर्च आणि करांच्या बिलाला या मार्गाने साधं बहुमत पुरतं, पण ज्या कलमाचा अर्थसंकल्पावरचा परिणाम निव्वळ आनुषंगिक आहे ते बर्ड नियमाखाली उडतं. सिनेटच्या नियमतज्ज्ञ एलिझाबेथ मॅकडोना यांनी स्थलांतराच्या तीन वेगवेगळ्या योजना त्या वर्षी एकामागून एक नाकारल्या. डिसेंबर २०२२ मध्ये देशवार मर्यादेचं बिल हाउसच्या मतदान यादीवर येऊन परत मागे घेतलं गेलं. मतं मोजली तर पुरत नव्हती, आणि तेव्हा हाउस डेमोक्रॅटांकडेच होतं.

तीन दिवस

४ फेब्रुवारी २०२४ ला सीमेवरच्या तडजोडीचा ३७० पानी मसुदा जाहीर झाला. ओक्लाहोमाचे कट्टर रिपब्लिकन जेम्स लँकफर्ड, कनेक्टिकटचे डेमोक्रॅट ख्रिस मर्फी आणि अॅरिझोनाच्या अपक्ष कर्स्टन सिनेमा यांनी चार महिने बसून तो केला होता. युक्रेन आणि इस्राएलची मदत धरून ११८ अब्ज डॉलरचं पॅकेज. आश्रय मागण्याचे नियम बरेच कडक केले होते, आणि ड्रीमर्सना काही नव्हतं. डेमोक्रॅटांनी इतकं सोडण्याची ही कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ.

आपल्याकडे याच्या बातम्या सीमेच्या बाजूनेच आल्या. आतली भारतीयांच्या कामाची कलमं फार थोड्यांनी वाचली. पाच वर्षं दरसाल ५० हजार जादा ग्रीन कार्डं, त्यातली १८ हजार नोकरीच्या वर्गात. एच-वन-बीवाल्यांची जी मुलं एकविसाव्या वर्षी पालकांच्या अर्जातून बाहेर पडतात त्यांना संरक्षण. एच-फोरवरच्या जोडीदारांना काम करण्याची परवानगी थेट कायद्यात. १९९० नंतर पहिल्यांदाच ती संख्या हलणार होती.

७ फेब्रुवारीला क्लोचरचं मतदान झालं: ४९ विरुद्ध ५०. ट्रम्प यांनी विरोध जाहीर केला होता, स्पीकर माइक जॉन्सन यांनी हाउसमध्ये ते येणार नाही असं सांगितलं होतं. रिपब्लिकनांतून कॉलिन्स, मर्कोव्स्की, रॉमनी आणि स्वतः लँकफर्ड एवढेच आले. उलट बाजूने सँडर्स, वॉरन, मार्की, पडिला आणि मेनेंडेझ यांनीही विरोधात मत दिलं. सँडर्स यांचा आक्षेप इस्राएलच्या मदतीला होता, तर पडिला आणि मेनेंडेझ यांच्यासारख्यांना आश्रयाचे नियम फार कडक वाटत होते. त्या पन्नासांत एक मत बहुमताचे नेते शूमर यांचंही आहे, पण ते फेरमतदान मागण्याचा हक्क राखण्यासाठी बदललेलं. मे महिन्यात फेरमतदान झालं तेव्हा लँकफर्ड आणि सिनेमा या दोन कर्त्यांनीच विरोधात मत दिलं, कारण तोवर ते निवडणुकीपुरतं हत्यार झालं होतं.

आता काही लोक म्हणतात, फिलिबस्टर काढा, सगळं सुटेल. वरचा हिशेब पुन्हा पाहा. २०१३ मध्ये सिनेटने ६८ मतांनी बिल दिलं, अडलं हाउसमध्ये. २०२० मध्ये दोन्ही सभागृहं तयार होती. २०२२ मध्ये सत्ताधारी पक्षाचीच मतं पुरली नाहीत. २०२४ मध्ये साधं बहुमतही जेमतेम होतं. फिलिबस्टर हा अडथळा आहेच, पण या बाबतीत तो काढून फार फरक पडला असता असं मला दिसत नाही. त्यापेक्षा प्रायमरीची रचना बदलणं जास्त कामाचं वाटतं. अलास्कात २०२२ पासून सगळ्या पक्षांची एकच प्रायमरी होते, त्यातले पहिले चार पुढे जातात आणि अंतिम मतदान पसंतीक्रमाने होतं. मर्कोव्स्की यांना मे २०२४ मध्ये रिपब्लिकनांतून एकटीने त्या बिलाला होकार देता आला यात या रचनेचा वाटा असावा.

काँग्रेस लिहीत नाही तेव्हा अध्यक्ष लिहितात, आणि अध्यक्षांनी लिहिलेलं पुढचा अध्यक्ष खोडू शकतो. एच-फोर जोडीदारांची कामाची परवानगी मे २०१५ पासून मिळते ती एका प्रशासकीय नियमाने. तिच्याविरुद्धचा खटला त्याच वर्षी दाखल होऊन पुढे अनेक वर्षं चालला. ड्रीमर्सचं २०१२ चं संरक्षण ट्रम्प यांनी २०१७ मध्ये काढायला घेतलं, सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये ५ विरुद्ध ४ ने ते थांबवलं. १९ सप्टेंबर २०२५ ला नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क आलं तेही अध्यक्षांच्या घोषणेनेच. तेव्हा घराचं कर्ज किंवा जोडीदाराची नोकरी ठरवताना आपला हक्क कायद्यातला आहे की नियमातला, हे आधी पाहून घ्यावं.

नव्या बिलाची बातमी फॉरवर्ड होऊन आली की मी सहप्रस्तावकांची संख्या बघत नाही. तीनशे असूनही काय झालं ते वर आलंच आहे. काँग्रेसच्या संकेतस्थळावर बिलाचा क्रमांक टाकला की 'लेटेस्ट अॅक्शन' अशी एक ओळ दिसते. तिथे फक्त 'ज्युडिशियरी कमिटीकडे पाठवलं' असं असेल तर बिल दाखल झालंय, बाकी काही घडलेलं नाही. रोज दाखल होणाऱ्या बहुतेक बिलांची ती शेवटची ओळ असते. समितीत मतदान झालं असेल तर पुढे वाचण्यात अर्थ आहे. मग पाहायचं की सिनेटमध्ये त्याचं जोडबिल शब्दशः तेच आहे का. वेगळं असेल तर २०२० ची अडचण पुन्हा येणार. एकट्याने जातंय की संरक्षण खात्याच्या वार्षिक बिलाला जोडलं जातंय, हेही महत्त्वाचं, कारण ते बिल दर वर्षी होतंच आणि डिसेंबरात त्याला घड्याळ लागतं. अशी जोडणी झाली तर ती बातमी. आणि प्रायमरीच्या हंगामात, म्हणजे निवडणुकीच्या वर्षी मार्च ते सप्टेंबर, स्थलांतरावरच्या कोणत्याही बिलाकडून अपेक्षा ठेवू नये. जे काही होईल ते नोव्हेंबरची निवडणूक आणि जानेवारी यांच्यातल्या आठ आठवड्यांत. चालू ११९ व्या काँग्रेसची मुदत ३ जानेवारी २०२७ ला दुपारी बाराला संपते. तोवर सही न झालेलं बिल पुढच्या काँग्रेसमध्ये नवा क्रमांक घेऊन पहिल्यापासून सुरू होतं.